शनिवारची पहिली गाडी, रविवारची शेवटची

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला : परदेशात शिकायला गेलेली मुलं शनिवार-रविवारी फिरतात, ते कितपत योग्य, आणि फिरायचंच तर कसं? आमचं मत आधीच सांगतो. वर्गाबाहेरचा देश पाहणं हाही शिक्षणाचाच भाग आहे आणि कर्जाच्या हप्त्याला धक्का न लावता तो होतो. मात्र तिकिटाचे नियम, राहण्याच्या परवान्याची हद्द आणि परतीची गाडी, या तीन गोष्टी घराबाहेर पडण्याआधी पक्क्या माहीत हव्यात. सहली फसतात त्या बहुधा यांतल्याच एकीपायी.

प्रश्न : लेक म्युनिकला एमएस करते. दर शनिवारी कुठेतरी निघालेली असते. विचारलं की म्हणते, "बाबा, तिकीट फुकटच आहे." फुकट कसं असेल? खर्च नेमका किती होतो?
– एक वडील, जुळे सोलापूर

ती खोटं बोलत नाही, पण 'फुकट' हा शब्दही बरोबर नाही. जर्मनीत मे २०२३ पासून 'डॉइचलांडटिकेट' नावाचा महिन्याचा पास आहे. तो ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. त्यावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, लोकल, मेट्रो, ट्राम आणि शहर बस चालतात. बऱ्याच विद्यापीठांत याच पासाची विद्यार्थी सवलतीची आवृत्ती मिळते, काही ठिकाणी तर ती सत्राच्या शुल्कातच धरलेली असते. म्हणून आधी लेकीला सत्राच्या पावतीत काय काय धरलंय ते पाहायला सांगा. पैसे एकदा तिथे भरायचे आणि वर बाहेरून दुसरा पास काढायचा, असा दुहेरी खर्च नवी मुलं हमखास करतात.

हा पास वर्गणीसारखा आपोआप पुढे चालू राहतो. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद करावा लागतो. ११ तारखेला आठवण झाली, तर आणखी एका महिन्याचे पैसे गेले. सुट्टीला सोलापूरला यायचं असेल तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावं.

चुका सर्वांत जास्त होतात त्या गाडीच्या प्रकारात. पासावर आरई, आरबी या प्रादेशिक आणि एस-बान या लोकल गाड्या चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या आणि खासगी फ्लिक्सच्या बस-गाड्या चालत नाहीत. एकाच फलाटावर पाच मिनिटांच्या अंतराने दोन गाड्या लागतात आणि घाईत भलतीच पकडली जाते. अशा वेळी विनातिकीट धरतात. शहर वाहतुकीत आणि प्रादेशिक गाड्यांत हा दंड साधारण ६० युरो, म्हणजे जवळपास महिन्याभराच्या पासाइतका. पास फोनमध्ये असतो आणि त्यावर नाव असतं, त्यामुळे सोबत ओळखपत्र लागतं. फोनची बॅटरी संपली तर तपासनिसाच्या लेखी पास नाहीच. म्हणून छोटी पॉवरबँक हवीच.

आणखी एक सापळा. काही प्रादेशिक गाड्या वाटेत तुटतात. म्युनिकहून दक्षिणेला जाणारी गाडी आधी होल्झकिर्खेनला आणि मग शाफ्टलाखला तुटते आणि तिचे तीन भाग तीन गावांना जातात. आपल्याकडे कुर्डुवाडीला माणूस उतरून गाडी बदलतो. तिथे माणूस जागेवर बसून राहतो आणि डबाच दुसरीकडे निघून जातो. डब्याच्या दारावर आणि आतल्या पडद्यावर शेवटचं गाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच बसावं.

लेकीला नॉयश्वानश्टाइनचा किल्ला पाहायचा असेलच, सगळ्यांनाच असतो. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने तो १८६९ मध्ये बांधायला घेतला. १८८६ मध्ये तो वारला तेव्हाही काम अपुरंच होतं. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत प्रादेशिक गाडीने साधारण दोन तास, पुढे बसने होहेनश्वानगाऊ आणि तिथून अर्धा-पाऊण तास चढण. आत फक्त वाटाड्यासोबत, दिलेल्या वेळेलाच सोडतात. फेरी जेमतेम अर्ध्या तासाची असते आणि फोटो काढू देत नाहीत. तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं आणि वेळ चुकली की ते बाद होतं. चूक होते ती इथेच : मुलं सातच्या गाडीने निघतात आणि दहाची वेळ घेतात. मधली एक गाडी उशिरा आली, बुखलोएची जोडगाडी चुकली, की सगळंच गेलं. घरातून निघाल्यापासून किमान साडेचार तासांनंतरचीच वेळ घ्यावी. लवकर पोचली तर खाली तळं आहे, तिथे वेळ छान जातो.

लांब जायचं नसेल तेव्हा म्युनिकमध्येच रविवारी जुनं पिनाकोटेक, म्हणजे मोठं चित्रसंग्रहालय, अवघ्या १ युरोत पाहता येतं. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०० साली काढलेलं स्वतःचं चित्र तिथे आहे. डाखाऊची छळछावणी एस-२ लोकल आणि ७२६ क्रमांकाची बस एवढ्याच अंतरावर आहे आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ती १९३३ मध्ये उभी राहिलेली जागा आहे. तिथे मोठ्याने बोलू नये, स्वतःचे फोटो काढू नयेत आणि त्या दिवशी दुसरा कुठलाच बेत ठेवू नये.

तर खर्चाचं गणित असं. पास झाल्यावर रोजच्या सहलीला उरतात खाण्याचे आणि प्रवेशाचे पैसे. डबा घरचा असेल तर बऱ्याच शनिवारी ते १० युरोच्याही खाली राहतात. दर शनिवारी जाते याची काळजी नको. महिन्यातून एकच लांबची सहल आणि बाकी जवळपास, एवढं पाळते का तेवढं बघा.

प्रश्न : माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू गिरणीत साचाखात्यात होते. मी आता मँचेस्टरला शिकतोय. इथल्या जुन्या गिरण्या खरंच चालताना बघायला मिळतात का? कुठून सुरुवात करू?
– एक विद्यार्थी, मूळ गाव सोलापूर

मिळतात, आणि तू त्यांच्या उंबरठ्यावरच राहतोस. या प्रश्नाने आम्हाला फार आनंद झाला.

पहिल्या शनिवारी शहरातलंच सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम बघ. प्रवेश विनामूल्य आहे. कापसापासून कापडापर्यंतची यंत्रं तिथे आहेत आणि काही चालवून दाखवतात. प्रात्यक्षिकाची वेळ आदल्या दिवशी बघून जा. यंत्र बंद असताना तो लोखंडाचा सांगाडाच दिसतो.

पुढच्या शनिवारी क्वारी बँक. १७८४ मध्ये सॅम्युएल ग्रेगने नदीकाठी उभारलेली ही सूतगिरणी मँचेस्टर विमानतळाच्या जवळच आहे. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे असल्यामुळे तिकीट लागतं. अजस्र पाणचक्की फिरताना दिसते, माग चालताना दिसतात. पण सर्वांत जास्त वेळ दे तो 'अप्रेंटिस हाउस'ला. अनाथ आणि गरीब घरांतली लेकरं तिथे ठेवून गिरणीत राबवली जात. ते घर पाहिल्यावर गिरणीच्या नफ्याचा हिशेब वेगळा दिसू लागतो.

खरा खजिना मात्र बर्न्लीजवळच्या हार्ल साइक इथली क्वीन स्ट्रीट मिल. १८९४ ची ही विणकाम गिरणी वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या विणकामशाळांपैकी जगात टिकून राहिलेली शेवटची. इंजिनाचं आधीचं नाव 'प्रूडन्स', पहिल्या महायुद्धानंतर ते 'पीस' झालं. एका छताखाली सुमारे ३०० लँकशायर माग आहेत आणि वरून जाणाऱ्या दांड्यांवरून पट्ट्यांनी त्या सगळ्यांना गती मिळते. चालू मागाशेजारी उभा राहून धोट्याकडे बघ. कांडी पोटात घेऊन तो ताण्याच्या दोन थरांमधून इकडून तिकडे फेकला जातो आणि दर फेकीनंतर फणी बाणा ठोकून बसवते. आजोबांच्या हातावरची ती सवय तुला तिथे कळेल. कांडी बदलल्यावर नवं सूत धोट्याच्या बारीक भोकातून ओढून काढावं लागे. विणकर बायका ते तोंडाने ओढत आणि त्याला 'धोट्याचं चुंबन' म्हणत. एकच धोटा अनेकींच्या तोंडी जायचा, त्यातून रोग पसरायचे. आवाज इतका की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे ओठांच्या हालचालींवरून बोलायची एक खास रीतच तिथे तयार झाली. सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

इथे दोन गोष्टींमुळे फेरी वाया जाते. एक, ही गिरणी हिवाळ्यात बंद असते आणि एरवीही आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडी राहते. दुसरी, इंजिन वाफेवर चालवण्याचे दिवस त्यातही मोजके. वेळापत्रक पाहून त्याच दिवशी जा. बर्न्लीहून पुढे बस आहे. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच लिहून घे, शनिवारी आणि रविवारी ती वेगळी असते.

सॉल्टेअरला लीड्सवरून जा. मँचेस्टर ते लीड्स साधारण तासभर, पुढे पंधरा मिनिटं. टायटस सॉल्टची लोकरीची गिरणी १८५३ ची आणि कामगारांसाठी बांधलेलं अख्खं गाव तिच्याभोवती. २००१ पासून ते जागतिक वारसा आहे. गिरणीत आता डेव्हिड हॉकनीची चित्रं लावलेली आहेत, आत जायला पैसे लागत नाहीत. गल्ल्यांमधून सावकाश फिर. कामगाराचं घर, मुकादमाचं घर आणि साहेबाचं घर, या तिघांत दारं-खिडक्या कशा वाढत जातात ते बघ. सोलापुरातल्या गिरणी चाळी पाहिलेल्या डोळ्यांना त्यात बरंच दिसेल. त्याच वर्षी वारसा यादीत गेलेली क्रॉमफर्ड इथली आर्कराइटची १७७१ ची सूतगिरणी डर्बीहून छोट्या गाडीने गाठता येते. पाण्याच्या जोरावर सूत कातणाऱ्या गिरण्यांची घडी तिथे बसली.

प्रवासाचं : '१६-२५ रेलकार्ड' काढ. वर्षाला ३५ पाउंड आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. वर्षभरात १०५ पाउंडांची तिकिटं काढलीस की कार्ड फिटलं, पुढचा सगळा फायदा. वय २६ च्या वर असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळतं. 'ॲडव्हान्स' तिकीट स्वस्त असतं, पण ते त्या एकाच गाडीचं. गिरणीत रमलास आणि गाडी गेली की नवं तिकीट. परतीला 'ऑफ-पीक', म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारं तिकीट घेतलेलं बरं, शनिवार-रविवारी ते बहुधा दिवसभर चालतं. रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बस देतात, त्यात तासभर सहज जातो. गाडी बरीच उशिरा पोचली तर भाड्याचा भाग परत मागता येतो. अर्ज २८ दिवसांच्या आत करायचा. तोवर तिकीट फेकू नकोस.

प्रश्न : आमच्या घरात सगळे माळकरी. मुलगा जर्मनीत आहे, मित्रांबरोबर फ्रान्स-बेल्जियमला जातो म्हणतो. बाहेरचं काय खाईल याचीच काळजी. इथून काय द्यावं?
– एक आई, पंढरपूर

ताई, काळजी रास्त आहे, पण उपाय आहे.

पहिली गोष्ट, युरोपात 'व्हेजिटेरियन' म्हटलं तरी त्यात अंडं चालतं. केक, काही शेवया, गोड पाव, सगळ्यात ते असू शकतं. अंडंही नको असेल तर पाकिटावर 'व्हीगन' शब्द शोधायचा. त्यात दूधही नसतं, पण मन निर्धास्त राहतं. जर्मनीत त्याचा उच्चार 'व्हेगान'. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण मासे ही गोष्ट तिथे मांसात धरतीलच असं नाही. 'ओने फ्लाइश, ओने फिश', म्हणजे मांसाशिवाय, माशांशिवाय, असं दोन्ही म्हणायचं.

लपलेल्या गोष्टी या : रबरासारख्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं. परमेसान चीज वासराच्या पोटातल्या पाचक रसाने विरजतात. भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं. 'श्पेक' आणि 'श्माल्त्स' हे शब्द दिसले की ती डुकराची चरबी समजायची. आणि बेल्जियममध्ये बटाट्याच्या काड्या पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. माळकरी मुलाने ब्रसेल्समध्ये गाड्यावर उभं राहून 'नुसते बटाटेच तर आहेत' असं समजू नये, तेल कुठलं ते विचारावं.

इथून पाठवायचं तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी, यासारखी जोडी नाही. भाकरी पूर्ण गार झाल्यावर दोन-दोनच्या थरांत कागद घालून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात भरा. ओल लागली की ती चिवट होते, म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, वाफेजवळ डबा ठेवू नये. दोन दिवसांच्या सहलीला चार-पाच भाकऱ्या आणि चहाच्या कपाच्या आकाराच्या डबीत चटणी पुरते. चटणीला तेल असतं, महिन्या-दोन महिन्यांत ती खवट होते. मोठा साठा फ्रिजमध्ये ठेवावा आणि लागेल तेवढीच काढावी.

तीन सावधगिऱ्या. पेढे, खवा, तूप, पनीर युरोपात सामानातून नेताच येत नाही. भारतातून आणलेल्या दूध आणि मांसाच्या पदार्थांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते द्रवात मोजतात आणि १०० मिलीलिटरची मर्यादा लागते. आणि तिसरी, आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही अशी : शेंगदाण्याची ॲलर्जी. तिकडे ती असलेली माणसं पुष्कळ भेटतात आणि काहींच्या ती जिवावर बेतते. चटणी कुणाच्या ताटात वाढण्याआधी "यात शेंगदाणे आहेत" हे वाक्य आधी. विमानात कधी कधी शेंगदाणे खाऊ नका अशी सूचनाच होते, तेव्हा डबी उघडायची नाही.

जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच फळं, दही, पाव घेऊन ठेवावा. मोठ्या स्टेशनांवरची दुकानं उघडी असतात, पण महाग.

प्रश्न : डब्लिनला शिकतो. मित्र म्हणतात, बेलफास्टला जाताना कुणी पासपोर्टही बघत नाही, चल. जाऊ का?
– एक विद्यार्थी, सांगोला

युनायटेड किंग्डमचा व्हिसा नसेल तर जाऊ नकोस. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डमचा भाग. सीमेवर फाटक नाही हे खरं, पण फाटक नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. वाटेत कधीही तपासणी होऊ शकते आणि बेकायदा प्रवेशाची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात आडवी येते. आयर्लंडचा परवाना शेंगेन देशांतही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही, चालत नाही. पॅरिससाठी वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागेल.

याच्या उलट, जर्मनी-फ्रान्स-इटलीत शिकणाऱ्यांना राहण्याच्या परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. स्वित्झर्लंडही त्यात येतं. पासपोर्ट आणि परवाना दोन्ही मूळ प्रती सोबत हव्यात, फोनमधला फोटो चालत नाही. परवान्याचं नूतनीकरण अडकलं असेल आणि हातात नुसता तात्पुरता कागद असेल, तर परदेशी कार्यालयात विचारल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नये. स्वित्झर्लंडमध्ये फोनचं युरोपीय रोमिंग सगळ्याच योजनांत धरत नाहीत. सीमेजवळच्या तळ्यावर असताना फोन आपोआप तिकडचं जाळं पकडतो आणि बिल येतं, म्हणून रोमिंग बंद ठेवावं.

पॅरिसला जाणाऱ्यांसाठी : युरोपीय संघाच्या देशांत परवान्यावर राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना लूव्र संग्रहालय विनामूल्य आहे, नागरिकत्व कुठलंही असो. तरी वेळ आधी नोंदवायची आणि परवाना दाखवायचा. मंगळवारी लूव्र बंद.

प्रश्न : मुलगा सिडनीला आहे. लहानपणापासून विहिरीत पोहतो, पट्टीचा पोहणारा. तरी समुद्राचे फोटो पाठवतो तेव्हा जीव धाकधूक करतो. भीती उगाच आहे का?
– एक वडील, करमाळा

उगाच नाही. विहिरीत पाणी उभं असतं, समुद्रात ते ओढतं. विहिरीतलं कौशल्य तिथे अर्धंच उपयोगी पडतं.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर 'रिप' नावाचा प्रवाह असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत परत जातं. फसवं असं, की तोच पट्टा सर्वांत शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस असतो आणि मधे गडद, सपाट पाणी. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. आत ओढलं गेल्यावर तो किनाऱ्याकडे तोंड करून सगळी ताकद लावतो आणि दमून बुडतो. चांगला पोहणाराही असाच जातो, कारण त्याला वाटतं आपण जिंकू.

मुलाला हे सांगा. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं, तिथे जीवरक्षकांची नजर असते. झेंडे नसतील तर पाण्यात जायचं नाही. सगळ्या किनाऱ्यांवर बारा महिने पहारा नसतो, 'बीचसेफ' ॲपवर ते कळतं. ओढला गेलाच तर आधी उताणं तरंगायचं, एक हात वर करून मदत मागायची. अंगात जोर असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत, जिकडे लाटा फुटताहेत तिकडे सरकायचं. मित्र अडकला तर मागोमाग उडी टाकायची नाही. तरंगणारी कुठलीही वस्तू फेकायची आणि ००० ला फोन करायचा. जीन्स घालून पाण्यात उतरू नये, भिजली की पाय जड होतात. खडकांच्या कडेवर उभं राहून फोटो काढू नये, मोठी लाट सांगून येत नाही. हे शेवटचं पुन्हा पुन्हा सांगा.

प्रश्न : हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघायची सवय. आता लंडनला चाललेय. तिथली नाटकं, संगीत विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात? कपडे कसे लागतात?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

परवडतात, उभं राहायची तयारी असेल तर. थेम्सकाठच्या ग्लोब नाट्यगृहात रंगमंचासमोरचं अंगण उघड्या आभाळाखाली आहे. तिथली उभ्याची तिकिटं सर्वांत स्वस्त आणि नट तर हाताच्या अंतरावर. नाटक तीन तासही चालतं. खाली बसू देत नाहीत, छत्री चालत नाही. टोपीचा रेनकोट आणि जाड तळव्याचे बूट घाल, आधी पोटभर खाऊन जा. रंगमंचाच्या कठड्याला टेकता आलं तर पाठीला आधार मिळतो, त्यासाठी दार उघडण्याआधी अर्धा तास रांगेत उभी राहा. हिवाळ्यात हे अंगण बंद असतं. उन्हाळ्यात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आठ आठवडे 'प्रॉम्स' या शास्त्रीय संगीताच्या मैफली चालतात, १८९५ पासूनची परंपरा आहे. तिथेही उभ्याची तिकिटं अगदी कमी पैशांत मिळतात.

व्हिएन्नाला कधी गेलीस तर तिथल्या ऑपेरात उभ्याच्या जागेवर कठड्याला स्कार्फ बांधून ठेवायची रीत आहे. स्कार्फ बांधला की ती जागा तुझी. म्हणून स्कार्फ विसरायचा नाही.

कपडे स्वच्छ, इस्त्रीचे असले की पुरे. सुती साडीही सुंदर दिसते, पण हिवाळ्यात खाली गरम पायमोजे घाल. मोठा कोट आणि पाठीवरची बॅग बऱ्याच नाट्यगृहांत बाहेर ठेवावी लागते, त्यासाठी सुटी नाणी जवळ ठेव. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंतही बाहेर थांबवतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. वादकाचा हात खाली येईपर्यंत थांबायचं. मधेच 'वाहवा' करायची आपली सवय त्या दोन तासांसाठी आवरावी लागते.

प्रश्न : लंडनला एकच मोकळा शनिवार आहे. मराठी माणसाने काय चुकवू नये?
– एक विद्यार्थी, बार्शी

सकाळी आधी किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घेतलं आणि स्मारक केलं. चॉक फार्म स्टेशनवरून थोडं चालावं लागतं. ही शांत रहिवासी वस्ती आहे, रस्त्यावर घोळका करून गोंगाट नको. उघडण्याची वेळ निघण्याआधी बघ. नंतर भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनची चेरिंग क्रॉसमार्गे जाणारी गाडी पकडून टॉटनहॅम कोर्ट रोडला उतर आणि ब्रिटिश म्युझियमला जा. तिथे आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं आहेत. एकाच दिवशी हे दोन्ही पाहावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

दिवसभर एकाच कार्डाने ये-जा कर. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, पण कार्ड आणि फोन हे दोन वेगळे प्रवासी धरले जातात. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन टेकवलास तर मर्यादा लागणार नाही. रेलकार्ड असेल तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ते ऑयस्टर या लंडनच्या प्रवास-कार्डाला जोडून घे, गर्दीच्या वेळा सोडून एक तृतीयांश सूट मिळते.

प्रश्न : मुलगी जर्मनीत आहे. दर रविवारी आमच्या रात्री आठला फोन करते. मार्चअखेर एकदा पाऊण तास वाट पाहिली, फोनच आला नाही, आम्ही घाबरून गेलो. असं का झालं?
– एक आई, मोहोळ

बहुधा घड्याळामुळे. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. मुलीने नेहमीप्रमाणे तिच्या दुपारी साडेतीनला फोन लावायचं ठरवलं, तर तुमच्याकडे तेव्हा सातच वाजलेले असतात. म्हणजे फोन आधीच येऊन गेला असेल, तुम्ही देवदर्शनाला किंवा बाहेर असाल. सातच्या सुमाराचा मिस्ड कॉल बघा. त्याच पहाटे सहलीला निघालेल्या मुलांची गाडीही अशीच चुकते, कारण फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, भिंतीवरचं आणि मनगटावरचं नाही. दोन्ही तारखा घरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवा आणि मुलीलाही आदल्या शनिवारी एक संदेश टाका.